गोपनीय अहवाल आणि फाडलेले पत्र

यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली. आत पगाराच्या स्लिपा, निरोप समारंभाचा फोटो आणि गोपनीय अहवालांच्या कागदांची एक चळत निघाली. नोकरी केलेल्या मंडळींना हा प्रकार माहीत असेल. वर्ष संपले की प्रत्येकाने आपल्या कामाचे स्वयंमूल्यमापन लिहून द्यायचे आणि मग साहेबांनी त्यावर शेरा मारायचा. माझ्या भागाची एक प्रत मी दरवर्षी जपून ठेवत असे. एका दुपारी त्या सगळ्या प्रती वाचून काढल्या.

'विद्यार्थ्यांशी संबंध' या रकान्यात दरवर्षी एकच उत्तर, 'अत्यंत जिव्हाळ्याचे'. 'कामातील उणिवा' या रकान्यात बहुतेक वर्षी 'नाहीत'. एका वर्षी मात्र मी नम्र झालो होतो. तेव्हा लिहिले होते, 'कामाच्या ओघात स्वतःच्या प्रकृतीकडे दुर्लक्ष होते.'

वाचून हसू आले. सौ.ला दाखवले, तर तिला हसू आले नाही. ती म्हणाली, "यातलं एक तरी वर्ष अविनाशला विचारून लिहिलं असतं, तर बरं झालं असतं." (मुलाचे नाव येथे बदलले आहे.)

त्याबद्दल पुढे सांगतो. आधी आमच्या वर्ध्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. कारण स्वतःचे माप घेणे हा या गावात एके काळी रोजचा उद्योग होता, आणि तो उद्योग एकट्याने करता येत नाही हेही इथल्याच लोकांनी दाखवून दिले आहे.

विनोबांपासून सुरुवात करू. 1916 च्या जून महिन्यात ते अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींना पहिल्यांदा भेटले. तेव्हा ते एकवीस वर्षांचेही नव्हते. पुढच्या वर्षी प्रकृतीसाठी आणि संस्कृतच्या अभ्यासासाठी त्यांनी एक वर्षाची रजा घेतली, आणि वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे ब्रह्मसूत्रे वगैरे शिकले. वर्ष संपत आले तेव्हा, 1918 च्या फेब्रुवारीत, त्यांनी गांधीजींना एक लांबलचक पत्र लिहिले. त्याला मी विनोबांचा गोपनीय अहवालच म्हणतो! काय वाचले, कोणाला गीता शिकवली, सुमारे चारशे मैल पायी कसे हिंडलो, वाईच्या विद्यार्थ्यांनी दळण दळून मिळालेल्या पैशातून वाचनालय कसे चालवले, कोणती व्रते पाळली, असा सगळा हिशेब त्यात आहे. वाचताना गंमत वाटते, कारण या तरुणाला आपल्या पराक्रमाची चांगलीच जाणीव आहे. पण शेवटी तोच तरुण एखाद्या लेकरासारखा होऊन वडिलांच्या मायेची मागणी करतो.

गांधीजींचे उत्तर नीट वाचण्यासारखे आहे. त्यांनी लिहिले त्याचा भावार्थ असा की, तुझी परीक्षा घेण्याची माझी पात्रता नाही. तू केलेले तुझे मूल्यमापन मी मान्य करतो आणि तुझ्या बाबतीत वडिलांची जागा स्वीकारतो. पुढे असेही सुचवले की, आपल्यापेक्षा गुणाने मोठा मुलगा घडवतो तोच खरा बाप.

मी उभी हयात पेपर तपासले. त्यामुळे या पत्रातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. गांधीजींनी मार्क दिलेच नाहीत. 'तू जे म्हणतोस ते मान्य' असे म्हणून त्यांनी फक्त नाते पक्के केले. त्याचा परिणाम काय झाला, ते काही वर्षांनी वर्ध्यात दिसले.

8 एप्रिल 1921 रोजी विनोबा वर्ध्याला आले. जमनालाल बजाजांनी मागणी केली होती म्हणून गांधीजींनी त्यांना इथला आश्रम चालवायला पाठवले होते. जमनालालजींचे चिरंजीव कमलनयन तेव्हा लहान होते आणि विनोबांकडे शिकत होते. एकदा गांधीजींचे पत्र आले. विनोबांनी ते वाचले आणि फाडून टाकले. कमलनयनला आश्चर्य वाटले, कारण बापूंची पत्रे विनोबा जपून ठेवत असत. त्याने तुकडे जुळवून पाहिले, तर त्यात विनोबांची अतोनात स्तुती होती, तुमच्याएवढा थोर आत्मा मी पाहिला नाही अशा अर्थाची. मग फाडले का, असे त्याने विचारले. विनोबांचे म्हणणे असे की, त्यात खरे नसलेले लिहिले होते. बापूंना माझे गुण दिसले, माझे दोष त्यांना कुठे दिसले आहेत? असला कागद जपून मला उपयोग काय?

आमच्याकडे ही गोष्ट 'विनोबांचा निरहंकारीपणा' म्हणून सांगितली जाते. मीही वर्गात कितीतरी वर्षे तशीच सांगितली. आता मला ती वेगळी दिसते. वाईहून आपल्या कामगिरीची यादी पाठवणारा तरुण आणि प्रशंसापत्र फाडणारा हा माणूस, यांच्यामध्ये काही वर्षे गेली आहेत. त्या वर्षांत त्याला कोणी तोडून बोलून लहान केलेले नाही. उलट वडिलांची जागा घेतलेल्या माणसाने त्याला पूर्ण स्वीकारले आहे. आता प्रशंसेची गरजच उरलेली नाही, म्हणून ती खोटी आहे असे म्हणता येते.

दुसरे उदाहरण खुद्द जमनालालजींचे. 1920 च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी त्यांनी गांधीजींकडे विचित्र मागणी केली, मला तुमचा पाचवा मुलगा करून घ्या. त्या वेळी हा माणूस तिशीतला, श्रीमंत, सरकारने रायबहादूर केलेला. गांधीजींनी होकार दिला. 1922 च्या मार्च महिन्यात साबरमतीच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात ते जमनालालजींना सांगतात की, तू पाचवा मुलगा झालास खरा, पण लायक बाप होण्याची धडपड मी करतो आहे, दत्तक घेणाऱ्याची जबाबदारी साधी नसते.

म्हणजे तपासणारा म्हणतो, माझाही पेपर तपासला जातो आहे! पुढची वीस वर्षे जमनालालजी या नात्याच्या आधाराने आपल्या मनातले कच्चे-पक्के, अगदी शरम वाटावी असेही, गांधीजींपुढे मांडत राहिले. त्यांचा त्रास अतिआत्मविश्वासाच्या उलट होता. ते स्वतःला फारच कमी मार्क देत. 1941 मध्ये ते देहरादूनकडे आनंदमयी माँच्या सहवासात राहून आले आणि आपल्याला आई मिळाली म्हणाले. मग वर्ध्याला परतून गोपुरीत झोपडीत राहिले, गोसेवेला लागले, आणि 11 फेब्रुवारी 1942 रोजी गेले. लोकांच्या लेखी एवढ्या मोठ्या माणसाला बाप आणि आई शोधावी लागली, ती स्वतःचे खरे माप कळावे म्हणून. मला तरी तसे वाटते.

तिसरे नाव भन्साळींचे. जयकृष्ण भन्साळी हे शिकवणारे गृहस्थ. तपश्चर्येच्या मागे असे लागले की, मौन मोडू नये म्हणून त्यांनी तांब्याच्या तारेने ओठ शिवून घेतले, कच्चे पीठ आणि कडुनिंबाचा पाला खाऊन राहिले. स्वतःच्या सहनशक्तीवरचा विश्वास किती टोकाला जावा! अशा माणसाला वेडा म्हणून हाकलता आले असते किंवा महात्मा म्हणून पूजता आले असते. गांधीजींनी दोन्ही केले नाही. त्यांनी त्याला जवळ ठेवले, त्याच्याशी वाद घातला, थट्टा केली आणि हळूहळू त्याला बोलते केले. हेच भन्साळी सेवाग्रामात सूत कातू लागले, मुलांना शिकवू लागले. चिमूरच्या अत्याचारांविरुद्ध 1942 च्या अखेरीस त्यांनी दोन महिन्यांहून अधिक काळ उपोषण केले. चिकाटी तीच, पण आता ती दुसऱ्या कोणासाठी होती.

आता माझ्या घरची गोष्ट.

देवळी तालुक्यातल्या एका शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवला. 'मुलाचा चेहरा पाहून मी त्याच्या मनातले ओळखतो' हे माझे आवडते वाक्य होते. स्टाफरूममध्ये सांगायचो, लग्नकार्यात सांगायचो. अविनाश दहावी झाला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मी ओळखले की त्याला विज्ञान शाखेत जायचे आहे. त्याला चित्रकलेचे शिक्षण घ्यायचे होते. बारावीत तो नापास झाला. पुढे कसाबसा मार्गाला लागला, पुण्यात नोकरी करतो, संसार आहे. पण कित्येक वर्षे फोन आला की 'आईला द्या' एवढेच बोलायचा. मी लोकांना सांगायचो, आमचा मुलगा मितभाषी आहे.

तीन वर्षांपूर्वी सौ.चे ऑपरेशन झाले तेव्हा तो महिनाभर नागपूरला आला. दवाखान्याच्या आवारातच आमचे मोठे भांडण झाले. सुनेने पुढाकार घेऊन आम्हा दोघांना एका समुपदेशक बाईंकडे नेले. बाई कसल्या, माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींच्या वयाची मुलगी. मी मनात म्हटले, हिला काय कळणार? पहिल्या बैठकीत मी तिचा एक शब्दप्रयोगही सुधारला.

दुसऱ्या बैठकीत ती काही सांगत होती, तेवढ्यात मी मान हलवून पुढचे बोलून टाकले. ती थांबली आणि हसून म्हणाली, "सर, माझं वाक्य आत्ता तुम्ही पूर्ण केलंत. मला वेगळंच म्हणायचं होतं. आणि खरं सांगू का, मला वाटलं की आता बोलून काही उपयोग नाही." मग तिने अविनाशकडे पाहिले. "घरी असं होतं का?"

अविनाश हसला. आणि मग रडला. चाळिशीतला माणूस.

मला राग आला होता, पण उठून जाता आले नाही. कारण ती मुलगी माझ्यावर रागावलेली नव्हती, मला नापासही करत नव्हती. आत्ता, या खोलीत, माझ्या बोलण्याने तिचे काय झाले एवढेच तिने सांगितले होते. त्यावर वाद कसा घालणार?

नंतर तिने आम्हा दोघांना वेगवेगळा कागद दिला. 'बाबा ऐकून घेतात' याला दहापैकी गुण द्या. मी स्वतःला आठ दिले. अविनाशने दोन दिले होते. बोर्डाच्या पेपर तपासणीत मॉडरेटर आपले गठ्ठे पुन्हा तपासतो, एखाद्या पेपरात दोन-चार गुणांचा फरक निघाला तरी आम्हाला कमीपणा वाटायचा. इथे तर दहातल्या सहा गुणांचा फरक होता!

पुढे चार-पाच बैठका झाल्या. उत्सुकतेपोटी मी नातीच्या मदतीने या विषयावर थोडे वाचले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग यांनी 1999 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. चाचणीत सर्वांत खालच्या पाव गटातल्या विद्यार्थ्यांचा क्रम सरासरीने शंभरात खालून बारावा होता, पण आपण बासष्टावे आहोत असा त्यांचा अंदाज होता. ज्या अकलेने चूक करायची, त्याच अकलेने ती शोधायची, मग ती सापडणार कशी? हे वाचून मी पेटीतल्या त्या रकान्याकडे पुन्हा पाहिले.

या रोगावर उपाय करणारेही वेगवेगळ्या वाटांनी गेले आहेत. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि मराठीत आणली. त्यातला एक विचार मला फार उपयोगी पडला. माणसाच्या कृतीला मार्क द्यावेत, माणसाला देऊ नयेत. कार्ल रॉजर्स यांनी 1957 मध्ये मांडले की समोरच्याचा विनाअट स्वीकार, त्याच्या जागी जाऊन समजून घेणे आणि स्वतःचे आत-बाहेर एक असणे, एवढे असले तर माणूस बदलतो. आणि रॉबर्ट कोलेनबर्ग व मेव्हिस त्साय या दोघांनी 1991 च्या आपल्या पुस्तकात सांगितले की, माणूस बाहेर जसा वागतो तसाच तो उपचाराच्या खोलीतही वागतो. तेव्हा तिथल्या तिथे, त्या नात्यातच ते दाखवून द्यावे. 'माझं वाक्य तुम्ही पूर्ण केलंत' हे त्याच जातीचे.

हे वाचताना मला सारखे वाईचे पत्र आणि त्याचे उत्तर आठवत होते. सेवाग्रामात उपचाराची खोली नव्हती. पत्रे होती, सोमवारच्या मौनातल्या चिठ्ठ्या होत्या, सकाळ-संध्याकाळचे फिरणे होते. पण काम बरेचसे तेच चालले होते.

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण इतिहासाच्या मास्तराने उरलेली पानेही उलटली पाहिजेत.

पाचव्या मुलाला जे मिळाले, ते पहिल्याला मिळाले नाही. हरिलालला इंग्लंडला जाऊन शिकायचे होते. प्राणजीवन मेहतांनी शिष्यवृत्ती देऊ केली, तेव्हा गांधीजींनी मुलाऐवजी पुतण्या छगनलालला पाठवले आणि नंतर सोराबजी अडाजानियांना. 1915 मध्ये हरिलालने वडिलांना उद्देशून छापील पत्रच काढले. आम्हाला तुम्ही कधी ऐकून घेतले नाही, असा त्याचा सूर. गांधीजी सेगावात राहायला आले 30 एप्रिल 1936 रोजी, आणि त्याच मे महिन्यात हरिलालच्या धर्मांतराची बातमी आली. वडिलांनी त्यावर वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्या लेखात मुलाचे मोजमाप आहे, आणि ते कडक आहे. 'लायक बाप होण्याची धडपड करतो आहे' हे वाक्य, जे परक्या मुलाला लिहिता आले, ते हरिलालच्या वाट्याला वेळेवर आले असते तर? 1919 मध्ये आपली चूक हिमालयाएवढी होती असे जाहीर सांगणारा माणूसही घरच्या पेपराला स्वतःच परीक्षक राहिला. 1948 च्या जूनमध्ये, वडिलांनंतर पाचच महिन्यांनी, हरिलाल मुंबईत गेला.

आणि विनोबा? 1951 मध्ये पोचमपल्लीला शंभर एकर मिळाले. मग 1957 पर्यंत पाच कोटी एकरांचा संकल्प झाला. प्रत्यक्षात मिळाली ती चाळीस-पंचेचाळीस लाख एकरांच्या आसपास, त्यातलीही बरीच नापीक किंवा न वाटली गेलेली. पुढे 1974-75 मध्ये जयप्रकाशजींच्या आंदोलनावरून सर्वोदयाच्या घरात फूट पडली. पवनारला विनोबांचे वर्षभराचे मौन चालू होते. त्याच काळात आणीबाणी आली, आणि त्यांच्या 'अनुशासन पर्व' या दोन शब्दांचा सरकारने आपल्याला हवा तसा उपयोग केला. त्यांनी नंतर खुलासा केला की अनुशासन आचार्यांचे असते, सत्तेचे असते ते शासन. पण तोवर भिंतीभिंतींवर ते शब्द रंगवून झाले होते. मी तेव्हा विशीच्या घरात होतो आणि त्यांच्यावर फार चिडलो होतो. आज वाटते, त्या वेळी त्यांच्याभोवती भक्त पुष्कळ होते, पण 'तुमच्या या शब्दांनी माझे असे झाले' हे बरोबरीने सांगणारे मित्र दूर गेले होते. स्तुतीचे पत्र फाडता येते. आपल्याला न लिहिले गेलेले पत्र कसे वाचणार?

मोठ्या माणसांचे दोष काढून मला मोठे व्हायचे नाही. पण त्यांच्यासारख्यांनाही जे एकट्याने जमले नाही, ते मी दरवर्षी एका रकान्यात उरकत होतो. 'उणिवा: नाहीत.'

असो. गेल्या रविवारी अविनाशचा फोन आला. हल्ली तो मला हाक मारून मगच बोलतो. गोपनीय अहवालांची गोष्ट त्याला सांगितली, तर तो म्हणाला, "एक कोरा फॉर्म असेल तर पाठवा बाबा, मी भरून देतो." मी लगेच म्हणणार होतो की तू काय लिहिणार ते मला माहीत आहे. जीभ चावली. म्हटले, पाठवतो.

कोरा फॉर्म पेटीत होता. नातीकडून त्याचा फोटो काढून पाठवला आहे. अजून भरून आलेला नाही. त्याला घाई करायची नाही, एवढे मी ठरवले आहे.